वनजिल्ह्यांतील वैद्यकीय अधिकारीपदाची मुलाखत : वैद्याची पूर्वतयारी

वैद्याने व्यवसायात पाऊल टाकण्यापूर्वी त्याची सिद्धता कशी असावी, हा विचार आपल्या शास्त्रास नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील दहावा अध्याय ‘विशिखानुप्रवेशनीय’ या नावाने प्रसिद्ध आहे. ज्याने शास्त्राचे अध्ययन केले, त्याचा अर्थ जाणून घेतला, प्रत्यक्ष कर्म पाहिले, स्वहस्ते अभ्यासिले आणि ज्यास राजाची अनुज्ञा प्राप्त झाली, अशाच वैद्याने रुग्णसेवेच्या मार्गावर प्रवेश करावा, असा त्या अध्यायाचा आशय आहे. नखे व केस कापलेले असावेत, वस्त्र शुभ्र असावे, वेश उद्धट नसावा, वाणी कल्याणकारक असावी, इतका बारीक तपशीलही तेथे आला आहे. आजच्या काळात ही राजानुज्ञा दोन टप्प्यांनी मिळते. पहिला टप्पा परिषदेकडील नोंदणीचा आणि दुसरा, शासकीय वा संस्थेच्या रुग्णालयात सेवा करावयाची असल्यास, निवड समितीपुढील मुलाखतीचा.

चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील अनेक तरुण वैद्यबंधू-भगिनी दरवर्षी अशा मुलाखतींना जातात. त्यांपैकी पुष्कळांची तयारी पदवी परीक्षेच्या तोंडी परीक्षेसारखी असते. व्याख्या पाठ, श्लोक पाठ, औषधिद्रव्यांची यादी पाठ. वनप्रदेशातील पदासाठी एवढी तयारी पुरत नाही. ती का पुरत नाही आणि तिला कशाची जोड द्यावी, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

पदांचे स्वरूप

आयुर्वेद पदवीधरास या भागात सामान्यतः पुढील सेवांमध्ये संधी असते : प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी, गट-ब, उपकेंद्र स्तरावरील समुदाय आरोग्य अधिकारी, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी पथकातील वैद्यकीय अधिकारी, आदिवासी भागातील भरारी पथके, १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेवरील वैद्यक, आणि स्वयंसेवी संस्थांची रुग्णालये. यांपैकी कोणत्या पदासाठी आपण जात आहोत, हे उमेदवारास नेमके ठाऊक असले पाहिजे. बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला; त्यातील पथक अंगणवाडीस वर्षातून दोनदा व शाळेस एकदा भेट देते आणि जन्मतः व्यंग, कमतरता, आजार व विकासातील विलंब या चार अंगांनी १८ वर्षांपर्यंतच्या बालकांची तपासणी करते. १०८ ची सेवा महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली व तिच्या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो. पहिल्या पदास सूक्ष्म निरीक्षण व नोंदी हव्यात, दुसऱ्यास प्रसंगावधान हवे. दोन्हींस एकच साचेबंद उत्तर देणारा उमेदवार समितीच्या तत्काळ लक्षात येतो.

एक अनुभव

प्रस्तुत लेखक अनेक वर्षांपूर्वी अशाच एका मुलाखतीस गेला होता. समितीतील ज्येष्ठ डॉक्टरांनी विचारले, “सर्पदंशाविषयी सांगा.” विषय आवडीचा होता. कल्पस्थानातील सर्पांचे प्रकार, विषाचे सात वेग, प्रत्येक वेगाची लक्षणे, असे सविस्तर विवेचन सुरू केले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले व म्हणाले, “डॉक्टर, रात्रीचे अडीच वाजले आहेत. आठ वर्षांची मुलगी जमिनीवर झोपली होती. पोट दुखते म्हणून आईने उचलून आणली आहे. दंशाची खूण सापडत नाही. पापण्या मिटू लागल्या आहेत. बाहेर पाऊस आहे. प्रथम काय कराल?”

लेखकास उत्तर सुचले नाही. सात वेग मुखोद्गत असून पहिल्या सात मिनिटांत काय करावे, ते ठाऊक नव्हते. निवड झाली नाही आणि ती झाली नाही हे योग्यच झाले. नोकरी गेल्याचे दुःख काही दिवसांत ओसरले; परंतु ती मुलगी खरोखरच समोर आली असती तर काय झाले असते, हा प्रश्न आजही मनातून जात नाही.

समितीला जाणून घ्यावयाचे असते ते हेच. जेथून पुढचे रुग्णालय दूर आहे आणि दुसरे मत विचारावयास कोणी नाही, तेथे हा मनुष्य एकटा असताना सुरक्षित निर्णय घेईल काय? आणि जे आपल्या आवाक्याबाहेर आहे, ते वेळेवर ओळखील काय? मुलाखतीची सर्व तयारी या दोन प्रश्नांभोवती करावी.

देशपरीक्षा : जिल्हा जाणून घ्या

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात दशविध परीक्ष्य भाव सांगितले आहेत. त्यांत ‘देश’ हा एक आहे. रुग्ण कोणत्या भूमीत जन्मला, वाढला, आजारी पडला. त्या भूमीतील लोकांचा आहार, आचार, बल, सात्म्य व सामान्यतः आढळणारे व्याधी कोणते, हे वैद्याने जाणावे, असे तेथे सांगितले आहे. मुलाखतीपूर्वीची ही पहिली पायरी होय.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. त्यात १२ तालुके असून दोन-तृतीयांशाहून अधिक भूभाग वनाच्छादित आहे. जिल्ह्याच्या ठिकाणापासून भामरागड दीडशे किलोमीटरहून दूर आहे आणि पर्लकोटेला पूर आला की त्याचा संपर्क तुटतो. सिरोंच्यात तेलुगू, मुलचेरा-चामोर्शीच्या काही गावांत बंगाली, भामरागड-एटापल्लीत माडिया, धानोरा-कोरचीत गोंडी, अशी भाषांची विविधता आहे. चंद्रपूर जिल्ह्यात १५ तालुके आहेत. जिवती, कोरपना व राजुरा या तालुक्यांत कोलाम समाजाची वस्ती आहे. कोलाम व माडिया गोंड हे दोन्ही समाज शासनाने विशेष असुरक्षित आदिम गटांत गणले आहेत. मोहफूल व तेंदूपान वेचण्याच्या दिवसांत लोक पहाटेपासून जंगलात असतात. त्या काळात वन्यप्राण्यांचे हल्ले, उष्माघात व सर्पदंश हे तिन्ही ध्यानात ठेवावे लागतात. चंद्रपूरचा उन्हाळा किती तीव्र असतो, हे वाचकांना वेगळे सांगावयास नको.

मैदानी भागात ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, आदिवासी व डोंगराळ भागात २०,००० मागे. उपकेंद्रासाठी हेच प्रमाण अनुक्रमे ५,००० व ३,००० असे आहे. पावसाळ्यात रस्ते बंद होणाऱ्या गावांतील गर्भवतींना प्रसूतीपूर्वी आरोग्य केंद्राजवळ आणून ठेवण्यासाठी ‘माहेरघर’ योजना आहे. ज्या केंद्रासाठी अर्ज केला, त्याच्या पुढचे संदर्भसेवेचे ठिकाण कोणते, वाटेत कोणती नदी लागते, हे नकाशा समोर ठेवून पाहावे. शक्य असल्यास एक दिवस तेथे जाऊन आशाताई व परिचारिका यांच्याशी बोलावे. पुस्तकात न मिळणारी उत्तरे त्यांच्याकडे मिळतात.

या जिल्ह्यांतील आरोग्यकार्याचा परिचयही असावा. वरोऱ्याजवळील आनंदवन व २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी हेमलकसा येथे सुरू केलेला लोकबिरादरी प्रकल्प सर्वांस माहीत असतो. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचे कार्य मात्र केवळ नावाने माहीत असून भागत नाही. गडचिरोलीतील ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूतांमार्फत नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग त्यांनी केला व नवजात मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. गावातील अल्पशिक्षित स्त्री योग्य शिक्षण मिळाल्यास बालक वाचवू शकते, हा त्याचा बोध आहे. आपल्या हाताखालील आशाताईंकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे.

आत्ययिक प्रसंग : क्रम पाठ असावा

पुढील प्रसंगांत ‘प्रथम काय, नंतर काय, केव्हा पाठवावे’ हा क्रम लिहून काढावा व मोठ्याने म्हणून पाहावा.

सर्पदंश : वर सांगितलेली मुलगी ही मण्यारदंशाची नमुनेदार रुग्ण होय. दंशाची खूण व वेदना नसणे, रात्रीची वेळ, पोटदुखी, पापण्या मिटणे, ही तिची लक्षणे. प्रथम श्वास पाहावा. दंश असल्यास तो भाग हलू देऊ नये. चिरा देणे वा घट्ट बंध बांधणे वर्ज्य. विषबाधेची लक्षणे दिसताच प्रतिसर्पविष साधारणतः १० कुप्या सलाईनमधून सुमारे तासाभरात द्यावे, अॅड्रिनॅलीन हाताशी ठेवावे. बालकासही मात्रा तीच, कारण सर्पाने सोडलेले विष बालकाचे वय पाहत नाही. मज्जाविषबाधेत निओस्टिग्मिन व अॅट्रोपिन द्यावे. मात्र मण्यारीत त्यांवर विसंबू नये. पाठविताना श्वास मंदावल्यास अंबू बॅगने श्वास देणारा मनुष्य सोबत हवा. घोणस वा फुरसे यांच्या दंशाची शंका असल्यास स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत २ मिलिलिटर रक्त २० मिनिटे न हलविता ठेवून ते गोठते की नाही, हे पाहावे.

हिवताप : तापाच्या प्रत्येक रुग्णाची त्वरित रक्ततपासणी करावी. फॅल्सिपॅरम आढळल्यास आर्टेमिसिनिनयुक्त संयुक्त उपचार ३ दिवस व प्रायमाक्विनची एक मात्रा. व्हायवॅक्समध्ये क्लोरोक्विन ३ दिवस व प्रायमाक्विन १४ दिवस. गर्भवती, तान्ही बालके व जी-सिक्स-पी-डी या विकराची कमतरता असलेले रुग्ण यांना प्रायमाक्विन देऊ नये. झटके, शुद्ध हरपणे, कावीळ, लघवी कमी होणे ही तीव्रतेची चिन्हे होत. अशा वेळी पहिली सूचिका देऊनच रुग्ण पुढे पाठवावा. राष्ट्रीय कार्यक्रमाची चालू मार्गदर्शिका मुलाखतीपूर्वी पुन्हा वाचावी.

प्रसूती : प्रसूतीनंतर ऑक्सिटोसिन १० युनिट, झटके येणाऱ्या गर्भवतीस पाठविण्यापूर्वी मॅग्नेशियम सल्फेट प्रत्येक नितंबात ५ ग्रॅम याप्रमाणे एकूण १० ग्रॅम.

बालकाचा श्वास : दोन महिन्यांखालील बालकात मिनिटाला ६० वा अधिक, एक वर्षापर्यंत ५० वा अधिक, पाच वर्षांपर्यंत ४० वा अधिक श्वास हा न्यूमोनियाचा संकेत. श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा.

सिकलसेल : हा या भागातील नित्याचा व्याधी आहे. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. वाहक व रुग्ण यांतील भेद सोप्या मराठीत समजावता आला पाहिजे. आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत बालक रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. ‘प्रत्येक’ हा शब्द महत्त्वाचा, कारण पहिले बालक रुग्ण जन्मले म्हणजे पुढील तीन निरोगी, असा गैरसमज सर्रास आढळतो.

अधिकाराची मर्यादा

“आपण आयुर्वेदाचे पदवीधर, आधुनिक औषधे कोणत्या अधिकाराने देणार?” हा प्रश्न अपमानाचा मानू नये. उत्तर शांतपणे द्यावे. महाराष्ट्र मेडिकल प्रॅक्टिशनर्स अॅक्ट, १९६१ अन्वये आपली नोंदणी असते. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतर्गत राज्य शासनाने २५ नोव्हेंबर १९९२ रोजी अधिसूचना काढली. असा अधिकार राज्याच्या आदेशानेच प्राप्त होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली मुख्तियार चंद प्रकरणात स्पष्ट केले. अर्थात हा अधिकार आपल्या प्रशिक्षणाच्या मर्यादेतच वापरावयाचा आहे. गर्भपात कायद्यान्वये गर्भपात करण्याचा अधिकार आपणांस नाही, हेही न अडखळता सांगावे. अपघात, विषप्राशन, भाजणे अशा प्रकरणी पोलिसांना कळविणे आवश्यक. परंतु उपचार प्रथम, हे परमानंद कटारा प्रकरणात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले आहे. जखमी मनुष्य कोणत्या बाजूचा, हे वैद्याने पाहावयाचे नसते.

रुग्ण पुढे पाठविणे म्हणजे पराभव, ही समजूत काढून टाकावी. पक्व गुल्माच्या प्रसंगी तेथे धान्वंतरीयांचा अधिकार आहे, असे प्रत्यक्ष चरकसंहितेनेच म्हटले आहे. संदर्भसेवेचा याहून जुना आधार कोणता हवा? मात्र पाठविताना निदान, दिलेली औषधे, वेळ व सही यांसह चिठ्ठी द्यावी आणि पुढच्या रुग्णालयास दूरध्वनी करावा. हे उत्तर देणारा उमेदवार प्रत्यक्ष कामास तयार आहे, असे समितीस वाटते.

आयुर्वेदाविषयी प्रश्न आल्यास

येथे दोन टोके आढळतात. काही उमेदवार आपल्या शास्त्राचा उल्लेखच टाळतात, तर काही प्रत्येक व्याधीवर आयुर्वेदीय कल्प सांगतात. दोन्ही उत्तरे हानिकारक आहेत. विषमज्वराचे वर्णन हिवतापाशी कितीही जुळत असले तरी रक्तात फॅल्सिपॅरम आढळलेल्या बालकास केवळ सुदर्शन चूर्णावर ठेवणे हा अपराध होय. सर्पदंशात अगदतंत्राचे ज्ञान प्रतिसर्पविषास पर्याय ठरत नाही. सिकलसेलच्या रुग्णात रक्तमोक्षण करू नये. पांडू म्हणून मंडूर वा लोहकल्प देण्यापूर्वी लोहाची कमतरता खरोखर आहे काय, हे तपासून घ्यावे. याउलट अर्श, भगंदर, जीर्ण संधिशूल, सूतिकापरिचर्या, पथ्यापथ्य, स्थानिक आहारातून पोषण, या क्षेत्रांत आपण काय करू शकतो, ते नेमक्या उदाहरणांनी सांगावे. गावचा पुजारी वा वैदू यास शत्रू मानू नये. त्याच्याकडे गेलेला रुग्ण आपल्याकडे लवकर येण्यासाठी त्याचेच साहाय्य कसे घ्याल, हा प्रश्नही विचारला जातो.

औषधभांडार : औषधविक्रेत्या बंधूंचे साहाय्य

बहुसंख्य उमेदवार औषधभांडाराविषयीच्या प्रश्नावर अडखळतात. चरकाचार्यांनी औषधाच्या चार गुणांत विपुलता व संपन्नता यांची गणना केली आहे. म्हणजे द्रव्य पुरेसे असावे व उत्तम स्थितीत असावे. ज्याची मुदत आधी संपते ते आधी वापरणे, बॅच क्रमांकाची नोंद, लसींसाठी २ ते ८ अंश तापमान, वीज गेल्यास शीतपेटीची व्यवस्था, पावसाळ्यापूर्वी प्रतिसर्पविष, सलाईन व हिवतापाच्या औषधांचा वाढीव साठा, या गोष्टी महाविद्यालयात क्वचितच शिकविल्या जातात. पण औषध दुकानात रोज घडत असतात. आपल्या गावच्या औषधविक्रेत्या बंधूंनी उमेदवारास चार दिवस दुकानात बसवून साठ्याची वही दाखवावी. एवढ्या साहाय्याने एक उत्तम वैद्यकीय अधिकारी घडण्यास हातभार लागतो.

“मुख्यालयी राहाल काय?”

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक समिती विचारते आणि जवळजवळ प्रत्येक उमेदवार “हो” म्हणतो. हो म्हणण्यापूर्वी घरी बोलणे झालेले असावे. निवासस्थान, पाणी, वीज, मुलांची शाळा, वृद्ध आई-वडील यांचा विचार आधीच करावा. काही अडचण असल्यास ती सांगावी व आपण काय व्यवस्था केली, तेही सांगावे. पद स्वीकारून तालुक्याच्या गावी राहणारा वैद्य गावाचे दुहेरी नुकसान करतो : जागा भरलेली दिसते आणि रात्री दार मात्र बंद असते. ज्यास जाणे शक्य नाही, त्याने तसे आधीच सांगणे अधिक प्रामाणिकपणाचे आहे.

कागदपत्रे, वेश व वाणी

पदवी व आंतरवासिता पूर्णतेचे प्रमाणपत्र, महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचे चालू नोंदणी प्रमाणपत्र, अधिवास, जात व जातवैधता, अनुभवाचे दाखले, विवाहोत्तर नावबदलाचे राजपत्र, या सर्वांच्या मूळ प्रती व दोन संच जाहिरातीतील क्रमाने लावावेत. नोंदणीचे नूतनीकरण राहून गेल्याने योग्य उमेदवार परत गेल्याची उदाहरणे कमी नाहीत. वेशाविषयी सुश्रुताचार्यांचे मार्गदर्शन आजही पुरेसे आहे : स्वच्छ, साधा, अनुद्धत.

उत्तरे देण्याचा सराव चार वैद्यमित्रांनी एकत्र बसून करावा. चरकाचार्यांनी तद्विद्य संभाषेचे संधाय व विगृह्य असे दोन भेद सांगितले आहेत. मुलाखत ही संधाय संभाषा मानावी. निःशंकपणे बोलावे, निःशंकपणे विचारावे, गर्व करू नये, वाद जिंकण्याची ईर्षा धरू नये. जे ठाऊक नाही, तेथे “मला माहीत नाही, मी मार्गदर्शिका पाहीन किंवा वरिष्ठांस विचारीन” असे स्पष्ट म्हणावे. वनप्रदेशातील रुग्णालयात हे वाक्य अनेकदा प्राण वाचविते.

उत्तम वैद्याचे चार गुण चरकाचार्यांनी सूत्रस्थानात सांगितले आहेत : शास्त्राचे निर्मळ ज्ञान, कर्माचा वारंवार अनुभव, दक्षता आणि शुचिता. पहिला गुण महाविद्यालय देते. उरलेल्या तिहींची परीक्षा मुलाखतीच्या टेबलावर सुरू होते आणि पुढे प्रत्येक रात्री, दार वाजेल तेव्हा, पुन्हा होत राहते. आपल्या संघटनेतील ज्येष्ठ सभासदांनी आपापल्या तालुक्यात उमेदवारांसाठी सरावाच्या बैठका घ्याव्यात, ही नम्र विनंती. मुलाखतीस जाणाऱ्या सर्व वैद्यबंधू-भगिनींना हार्दिक शुभेच्छा.